वारीतील माणसे आणि सह्याद्रीचे कडे: कॅमेरा बदलावा की लेन्स?

पायवाट

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे निकॉन डी५६०० हा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटर ही किट लेन्स आणि ७०-३०० ही डीएक्स (निकॉनच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) झूम लेन्स आहे. छायाचित्रणातील दोनच विषयांची मला मनापासून ओढ आहे. पहिला म्हणजे आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या माणसांचे चेहरे, आणि दुसरा म्हणजे पावसाळ्यातला आणि पाऊस सरल्यानंतरचा सह्याद्री. चेहऱ्यांच्या बाबतीत अडचण अशी की मागची गर्दी, तंबूच्या दोऱ्या आणि उभे असलेले टँकर हे सगळे चेहऱ्याइतकेच ठळक येते, आणि संध्याकाळी मुक्कामाच्या तंबूत टिपलेली चित्रे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर जाऊन रवाळ होतात. डोंगरांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. कोकणकड्यावर उभे राहिल्यावर जो अर्धगोल डोळ्यांत मावतो, तो १८ मिलिमीटरमध्ये मावत नाही.

खर्चासाठी साधारण ८० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. त्यात एखादा वापरलेला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि एक लेन्स घ्यावी, की आहे तोच कॅमेरा ठेवून लेन्स घ्याव्यात? एसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) जुन्या माउंटवर, म्हणजे लेन्स बसवण्याच्या जोडावर, आता पैसे घालणे शहाणपणाचे आहे का, हीही शंका मनात आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: मावळतीकडे

तुमच्या दोन्ही विषयांत मीही बरीच वर्षे रमलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. पोर्ट्रेटसाठी कोणती लेन्स, या प्रश्नाच्या आधी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: ज्या माणसाचे चित्र टिपायचे आहे, त्याच्यापासून तुम्ही किती अंतरावर उभे राहणार आहात?

चेहऱ्याचा आकार फोकल लेंग्थमुळे (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्यामुळे) बिघडतो असा समज सर्वत्र आढळतो, पण तो अंतरामुळे बिघडतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतची खोली साधारण १२ सेंटीमीटर धरू. कॅमेरा नाकापासून ५० सेंटीमीटरवर असेल तर कान ६२ सेंटीमीटरवर पडतो, म्हणजे नाक कानाच्या प्रमाणात जवळजवळ २४ टक्के मोठे दिसते. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की हा फरक ८ टक्क्यांवर येतो आणि चेहरा आपल्या ओळखीचा दिसू लागतो. लेन्स कोणतीही असली तरी हे गणित बदलत नाही. आपण ठरवलेल्या अंतरावरून चौकट किती भरायची, एवढेच लेन्स ठरवते.

आता तुमच्या डीएक्स सेन्सरचे हिशोब पाहू. कॅमेरा उभा धरून डोके आणि खांदे, म्हणजे साधारण ६० सेंटीमीटर उंचीची चौकट घ्यायची असेल, तर ३५ मिलिमीटरच्या लेन्सने ९० सेंटीमीटरवर, ५० च्या लेन्सने १.३ मीटरवर आणि ८५ च्या लेन्सने सुमारे २.२ मीटरवर उभे राहावे लागते. माणूस डोक्यापासून पायापर्यंत, थोडी जागा सोडून २ मीटरच्या चौकटीत बसवायचा म्हटला तर ५० ला सव्वाचार मीटर लागतात आणि ८५ ला ७ मीटरांहून अधिक. पालखी सोहळ्यात तुमच्या आणि वारकऱ्याच्या मध्ये ७ मीटर मोकळी जागा राहिली तर ते नवल समजा. तेवढ्या अंतरात एक अख्खी दिंडी निघून जाते. म्हणून लोक ८५ ची कितीही स्तुती करोत, वारीसाठी आणि डीएक्स कॅमेऱ्यासाठी मी तुम्हाला ५० मिलिमीटर एफ/१.८ जी हीच लेन्स सुचवीन (एफ/ नंतरचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). तुमच्या सेन्सरवर ती फुल फ्रेमच्या ७५ मिलिमीटरइतका कोन देते. स्टुडिओत किंवा घराच्या अंगणात, जिथे मागे सरकायला जागा आहे, तिथे ८५ अवश्य वापरावी.

आणखी एक गोष्ट. १.३ मीटर हे अंतर बोलण्याचे आहे. एवढ्या जवळून चित्र घ्यायचे तर आधी 'माउली' म्हणून हाक मारावी लागते, कुठून आलात, दिंडी कितव्या क्रमांकाची, हे विचारावे लागते. माझ्या मते वारीतील चांगल्या व्यक्तिचित्रांची सुरुवात तिथेच होते. ३०० मिलिमीटरने लांबून टिपलेला चेहरा तांत्रिकदृष्ट्या नितळ असू शकतो, परंतु त्या माणसाची नजर तुमच्यासाठी नसते, आणि चित्र पाहणाऱ्याला ते जाणवते. काही माणसे नको म्हणतात. तेव्हा कॅमेरा खाली घ्यावा.

प्रतिसाद: रोहिणी_नक्षत्र

मावळतीकडे यांच्या अंतराच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण निष्कर्षाशी नाही. पोर्ट्रेट हा मुख्य विषय असेल तर मिररलेस कॅमेऱ्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस ही चैन राहिलेली नाही. ५० मिलिमीटर, एफ/१.८ आणि १.३ मीटर या मापांत डीएक्स सेन्सरवर खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम ५ सेंटीमीटर मिळते. त्यात डोळ्याऐवजी भुवईवर, टोपीच्या काठावर किंवा नाकावर फोकस गेला तर चित्र वाया जाते. डी५६०० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ३९ फोकस बिंदू आहेत. त्यांतला नेमका बिंदू अंगठ्याने सरकवत डोळ्यावर आणेपर्यंत चालणारा माणूस दोन पावले पुढे गेलेला असतो. मिररलेसमध्ये कॅमेरा डोळा स्वतः शोधतो आणि छायाचित्रकाराचे सगळे लक्ष समोरच्या माणसाकडे राहू शकते.

शिवाय फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ डीएक्सच्या सव्वादोन पट असते. तेवढा जास्त प्रकाश गोळा झाल्यामुळे तंबूतील चित्रांत साधारण एका स्टॉपचा (म्हणजे दुप्पट प्रकाशाचा) फायदा होतो. निकॉन आणि कॅनन यांनी आपले फुल फ्रेम मिररलेस कॅमेरे २०१८ मध्ये आणले, सोनीने तर २०१३ मध्येच. त्यामुळे पहिल्या पिढीतील कॅमेरे आता वापरलेल्यांच्या बाजारात सहज मिळतात. यापुढील नव्या लेन्स याच माउंटसाठी येणार आहेत, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद: मावळतीकडे

रोहिणीताई, ऑटोफोकसबद्दल तुमचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. मिररलेसच्या बाजूने तोच सर्वांत मोठा मुद्दा आहे. प्रकाशाचा हिशोब मात्र शेवटपर्यंत मांडायला हवा. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. तिच्या जागी एफ/१.८ ची लेन्स आली की जवळजवळ १० पट प्रकाश आत येतो, म्हणजे तीन स्टॉपहून अधिक. तंबूतल्या दिव्याखाली १/१०० सेकंदाला एफ/५.६ वर आयएसओ १६००० लागत असेल, तर एफ/१.८ वर साधारण १६०० पुरते. सेन्सर बदलून एक स्टॉप मिळतो आणि लेन्स बदलून तीन, तेही कॅमेऱ्याच्या मानाने फार थोड्या पैशांत. ज्याच्याकडे आज एकही उजळ लेन्स नाही, त्याने तीन स्टॉप आधी पदरात पाडून घ्यावेत असे मला वाटते.

१/१०० हा आकडा मी विचारपूर्वक लिहिला आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तंबूतील अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. त्याहून वेगवान शटर वापरले तर काही चित्रे उजळ, काही काळपट, आणि काहींत आडवे पट्टे असे प्रकार होतात. १/१०० किंवा १/५० वर हा त्रास राहत नाही.

जुन्या माउंटच्या शंकेविषयी सांगायचे तर एएफ-एस किंवा एएफ-पी प्रकारची (आतच मोटर असलेली) लेन्स घेतल्यास ती पुढे एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या झेड कॅमेऱ्यावर ऑटोफोकससह चालते, त्यामुळे ५० एफ/१.८ जी वर घातलेले पैसे बुडत नाहीत. मात्र जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्स स्वस्त दिसल्या तरी टाळाव्यात. त्यांना फिरवणारी मोटर कॅमेऱ्यात असावी लागते. ती डी५६०० मध्ये नाही आणि एफटीझेडमध्येही नाही. डीएक्स लेन्सचा प्रश्न वेगळा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ती लावली की सेन्सरचा मधला भागच वापरला जातो आणि साधारण १० मेगापिक्सेलचे चित्र हाती येते.

प्रतिसाद: कातळकडा

पोर्ट्रेटवर उत्तम चर्चा झाली आहे, म्हणून मी डोंगरांपुरते लिहितो.

लँडस्केपसाठी उजळ लेन्सची गरज नसते, हे प्रथम मनाशी पक्के करावे. आपण एफ/८ किंवा एफ/११ वर काम करणार, मग एफ/२.८ च्या लेन्सचे वजन हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने वर का न्यावे? निकॉनची एएफ-पी डीएक्स १०-२० एफ/४.५-५.६ ही लेन्स हलकी आहे आणि तिची किंमतही आवाक्यातली आहे. १८ मिलिमीटरवर तुम्हाला आडवा कोन ६६ अंशांचा मिळतो, तो १० मिलिमीटरवर ९९ अंशांचा होतो. कोकणकड्याचा अंतर्वक्र कडा त्यात मावेल.

परंतु मावणे आणि भव्य वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुंद लेन्स दूरच्या वस्तूंना बारीक करते. कड्यावर उभे राहून १० मिलिमीटरने सरळ समोर चित्र घेतले तर खालचे कोकण आणि समोरचे सुळके इतके लहान होतात की पाहणाऱ्याला त्या उंचीची कल्पनाच येत नाही. अशा लेन्सला समोर अगदी जवळ काहीतरी लागते: कातळाची भेग, पाण्याचे डबके, कड्याशी नेऊन सोडणारी पायवाट. कास पठारावर सप्टेंबरात फुले असतात तेव्हा ही लेन्स आपले खरे काम दाखवते. १० मिलिमीटर आणि एफ/८ वर १ मीटर अंतरावर फोकस ठेवला, तर साधारण ४० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. वाऱ्याने फुले हलत असतात, त्यामुळे शटर १/२५० च्या आसपास ठेवावे आणि त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी वाढवावा. फुलांजवळ जाण्यासाठी आखलेली वाट सोडू नये. पाय पडून चिरडलेली रोपे बी धरत नाहीत, आणि कोणत्याही चित्राचे मोल त्यांच्याहून अधिक नाही.

कोकणकड्यासाठी १०-२० लगेच घेणे शक्य नसेल तर दुसरा मार्ग आहे. किट लेन्स ३५ मिलिमीटरवर ठेवावी, कॅमेरा उभा धरावा, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करावेत आणि प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा सुमारे एकतृतीयांश भाग येईल अशा बेताने सहा-सात चित्रे घेऊन ती संगणकावर जोडावीत. तयार होणाऱ्या पॅनोरमात बारकावे तर भरपूर येतातच, पण कडा आपल्या मूळ उंचीसह येतो. धुके वेगाने चढत असेल तर मात्र ही पद्धत उपयोगी पडत नाही, कारण दोन चित्रांमध्ये धुक्याचा आकार बदलतो.

अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत मिटवून सगळे काही स्पष्ट करण्याचा मोह टाळावा. छिद्र फार लहान झाले की प्रकाश त्याच्या काठावरून पसरतो. एफ/११ वर प्रकाशबिंदूची चकती सुमारे १५ मायक्रॉनची असते, एफ/२२ वर ती ३० मायक्रॉनच्या घरात जाते. तुमच्या सेन्सरवरील एक पिक्सेल ४ मायक्रॉनहूनही थोडा लहान आहे, म्हणजे एफ/२२ वर एकेक बिंदू सात-आठ पिक्सेल रुंदीवर पसरतो आणि सगळे चित्र मऊ पडते. कोपरे मऊ येतात असे वाटत असेल तर आधी तीच किट लेन्स एफ/८ वर, ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर लावून तपासून पाहावी. पहाटेच्या अंधूक प्रकाशात हाताची थरथर हेच मऊपणाचे कारण असण्याची शक्यता फार मोठी आहे.

म्हणून ट्रायपॉडसाठी पैसे आधी राखून ठेवावेत. कड्यावरचा वारा हलक्या ट्रायपॉडला उभा राहू देत नाही. मधला दांडा वर न काढता पाय रुंद पसरावेत आणि पिशवी खाली अशी अडकवावी की ती जमिनीला जेमतेम टेकेल, नाहीतर तीच झुलून कॅमेरा हलवते.

आणि तुमच्या ७०-३०० ला कमी लेखू नका. ऑक्टोबरात पाऊस हवेतील धूळ धुऊन गेलेला असतो, तेव्हा कळसूबाईवरून पहाटे एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगा दिसतात. १०० ते २०० मिलिमीटरमध्ये त्या एकमेकींना बिलगून येतात आणि चित्राला खोली देतात. दिवे घाटातही हीच लेन्स लागते. समोरच्या उतारावरून वळणावळणाने चढणारी पालखी, पताका आणि माणसांची अखंड रेघ रुंद लेन्समध्ये रस्त्यावरची एक अस्पष्ट पट्टी होऊन जाते. २०० मिलिमीटरमध्ये तीच वळणे एकावर एक येतात आणि घाट माणसांनी भरलेला दिसतो. चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणात अश्व धावत येतो तेव्हा हीच लेन्स १/१००० शटरवर वापरावी.

प्रतिसाद: सावलीची_बाजू

लेन्सची चर्चा नीट झाली, आता चेहऱ्यावरच्या उजेडाबद्दल थोडे लिहिते, कारण वारीत सर्वांत जास्त चित्रे तिथे बिघडतात. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हाने रापलेला चेहरा हे तिन्ही एका चौकटीत असतात. कॅमेऱ्याने चेहऱ्याप्रमाणे एक्स्पोजर घेतले की टोपीची वीण जाऊन तिथे कोरा ठिपका उरतो, आणि एकदा गेलेली वीण परत आणता येत नाही. मी एक्स्पोजर उणे ०.७ वर ठेवते आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात टिपते. आयएसओ १०० किंवा २०० वर डी५६०० च्या रॉ चित्रातला सावळा भाग नंतर दीड-दोन स्टॉप उचलला तरी त्यात फारसा रवाळपणा येत नाही.

दुपारच्या कडक उन्हात डोळे टोपीच्या सावलीत बुडतात. तेव्हा दिंडी विसाव्याला थांबण्याची वाट पाहावी. झाडाच्या सावलीच्या अगदी कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत आभाळ उतरते आणि सुरकुत्यांना मृदू वळण मिळते. तंबूच्या तोंडाशीही तसाच प्रकाश असतो. ज्या दिवशी ढग भरून आलेले असतात तो दिवस तर पोर्ट्रेटसाठीच असतो. त्या दिवशी पाऊस येईल म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवू नये. साधे पारदर्शक प्लास्टिकचे आवरण आणि लेन्सला हूड एवढ्यावर रिमझिम निभावते.

एफ/१.८ आहे म्हणून प्रत्येक चित्र एफ/१.८ वर घेण्याचे कारण नाही. एफ/२.८ वर खोली ७-८ सेंटीमीटर होते, दोन्ही डोळे स्पष्ट येतात आणि मागची गर्दी तरीही विरघळते. शेजारी शेजारी बसलेल्या दोन बायका असतील तर एफ/४ योग्य. त्यांच्या डोक्यावरची तुळस किंवा मागची पताका ओळखू यावी इतकी राहू दिली तर चित्र कुठले आहे हेही कळते. मागचे सगळे पुसून टाकलेला चेहरा कुठल्याही गावचा असू शकतो.

प्रतिसाद: खाडीकाठ

एक सूचना कोकणातून. पावसाळ्यात वापरलेली लेन्स ओल्या पिशवीत तशीच बंद करून ठेवली तर काचेच्या आत बुरशी धरते, आणि ती वाढत गेली की काचेवरचा लेप कायमचा खरवडला जातो. घरी आल्यावर सर्व काही उघडे करून पंख्याखाली वाळवावे आणि मग हवाबंद डब्यात सिलिका जेल व आर्द्रता दाखवणारे छोटे मापक घालून ठेवावे. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली पाहिजे. चामड्याच्या जुन्या पेटीत लेन्स ठेवू नये. तुमच्या अंदाजपत्रकात या डब्याचीही नोंद करा.

प्रतिसाद: पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. अंतराचे आकडे वाचल्यावर मी किट लेन्स ५० वर ठेवून घरातल्यांची चित्रे १.३ मीटरवरून घेऊन पाहिली, आणि तो कोन मला जवळचा वाटला. त्यामुळे सध्या कॅमेरा तोच ठेवतो. ५० एफ/१.८ जी, चांगला ट्रायपॉड आणि डबा लगेच घेतो. १०-२० वापरलेली मिळाली तर कासच्या हंगामाआधी घेईन. उरलेली रक्कम मिररलेससाठी शिल्लक राहील. रोहिणीताईंचा ऑटोफोकसचा मुद्दा मला पटला आहे, फक्त तो टप्पा पुढचा.

दोन शंका राहिल्या आहेत. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्यावा का, आणि घेतला तर कोणत्या लेन्सच्या मापाचा? दुसरे म्हणजे, एफ/१.८ च्या लेन्सचा फोकस कधी कधी पुढे किंवा मागे पडतो असे वाचले आहे. ते घरी कसे तपासावे?

प्रतिसाद: कातळकडा

पोलरायझर अवश्य घ्यावा, पण निळे आभाळ गडद करण्यासाठी नव्हे. १० मिलिमीटरच्या रुंद कोनात आभाळाचा एक भाग गडद आणि दुसरा फिकट येतो, आणि ते विचित्र दिसते. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग पावसाळी जंगलात होतो. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी तो काढून टाकतो व खालचा हिरवा रंग वर येतो. तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, हे धबधब्यासाठी सोयीचेच आहे, कारण तिथे आपल्याला पाव ते एक सेकंदाचे शटर हवे असते. तुमच्या लेन्सपैकी १०-२० ला ७२ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, ५० ला आणि ७०-३०० ला ५८ चा, किट लेन्सला ५५ चा. ७२ चा एकच चांगला फिल्टर घ्यावा आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावाव्यात.

प्रतिसाद: रोहिणी_नक्षत्र

फोकस तपासण्याची पद्धत सांगते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून दीड मीटरवर एक पुस्तक उभे करावे, त्याच्या शेजारी फूटपट्टी तिरकी अशी टेकवावी की तिचा मधला आकडा पुस्तकाच्या पृष्ठाच्या बरोबर रेषेत येईल. लेन्स एफ/१.८ वर ठेवून आधी व्ह्यूफाइंडरमधून मधल्या बिंदूने पुस्तकावर फोकस घ्यावा आणि चित्र टिपावे. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दृश्य पाहण्याची सोय) चालू करून त्याच जागी पुन्हा फोकस घ्यावा. दर वेळी आधी लेन्स मुद्दाम दुसऱ्या अंतरावर फिरवावी आणि हे पाच-सहा वेळा करावे. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट सेन्सरवरूनच ठरतो, त्यामुळे ती चित्रे प्रमाण मानावीत. व्ह्यूफाइंडरची चित्रे सातत्याने एकाच बाजूला सरकत असतील तर दोष आहे असे समजावे. तो सुधारण्याची सोय डी५६०० च्या मेनूमध्ये नाही, म्हणून लेन्स दुकानातून बदलून घ्यावी लागेल किंवा कॅमेरा आणि लेन्स दोन्ही सेवा केंद्रात द्यावे लागतील. बसलेल्या माणसाचे चित्र असेल तर तुमच्या कॅमेऱ्याच्या वळत्या पडद्यावर डोळ्याला बोट लावून फोकस घेता येतो, तो या दोषातून सुटलेला असतो. लेन्स वापरलेली घेणार असाल तर तिच्या आतून विजेरीचा उजेड टाकून बुरशीचे धागे दिसतात का तेही पाहा, आणि ही सगळी तपासणी परत करण्याची मुदत संपण्याआधी उरका.